सुटलं म्हणजे पोचलं?

रब्बीच्या दिवसांत परभणीच्या पेपरात एक बातमी ठरल्यासारखी येते: येलदरीतून पाणी सोडलं. त्याच सकाळी कालव्याच्या शेवटाकडचा, ज्याला सगळे 'टेलचा' म्हणतात तो शेतकरी, कोरड्या चारीच्या कडेला खोऱ्यावर हात टेकून उभा असतो. बातमी खोटी नसते आणि चारीही खोटी नसते. पाणी सुटलेलं असतं, पोचलेलं नसतं. या दोन क्रियापदांमधल्या मोकळ्या जागेत माणसाचे बरेचसे धार्मिक प्रश्न मुक्कामाला असतात. दूरच्या खोलीतला प्रिंटर युनिक्सच्या संगणकांना जोडून देणाऱ्या माणसाचेही प्रश्न तिथंच असतात, हे मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

येलदरी जिंतूर तालुक्यातलं. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ चं, साठवण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचं वीजघर. पण त्याची खरी गोष्ट पाण्याच्या वाटेत आहे. पाऊस पडतो वर, जालना-बुलढाण्याकडे. पाणी साठतं येलदरीत. वीजघरातून उतरून ते नदीच्याच पात्रानं खाली सिद्धेश्वर धरणात जातं, आणि परभणी, हिंगोली, नांदेडच्या शिवारांकडे जाणारे कालवे निघतात ते तिथून. ढग एका जिल्ह्यात, साठा दुसऱ्यात, गहू तिसऱ्यात, आणि मधे काही महिने. भिंतीवर उभं राहून 'हे पाणी कुठल्या पावसाचं?' असं विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही. साठ्यात पडलं की थेंबाचं नाव पुसलं जातं.

आता अशाच गावातल्या एखाद्या शाळेची कल्पना करू. संगणकाच्या खोलीत लिनक्सवर, म्हणजे युनिक्सच्याच वळणाच्या प्रणालीवर, चालणारे आठ-दहा जुने संगणक, आणि अख्ख्या शाळेत एकुलता एक प्रिंटर, तो कार्यालयात, क्लार्कच्या टेबलाशेजारी. कुणाला बोनाफाईडचा कागद हवा असला की पेनड्राइव्ह घेऊन व्हरांडा तुडवायचा. एके दिवशी संगणकाचे सर ठरवतात, पुरे झालं हे, इथूनच छापू. मग कार्यालयातल्या संगणकावर कप्स नावाची छपाई-व्यवस्था बसते, तिथला प्रिंटर 'सर्वांसाठी खुला' केला जातो, फायरवॉलमध्ये ६३१ नंबरचं दार उघडलं जातं, आणि खोलीतल्या प्रत्येक संगणकाला सांगितलं जातं की बाबा रे, 'कार्यालय' नावाचा प्रिंटर म्हणजे अमुक पत्त्यावरचं ते यंत्र. काम तासाभराचं. सर पहिला हुकूम देतात, एंटर दाबतात, आणि पापणी लवायच्या आत पडद्यावरचा कर्सर पुढच्या ओळीवर येऊन लुकलुकायला लागतो. झालं!

काय झालं? कागद अजून ट्रेमध्येच आहे. कदाचित प्रिंटर बंदही असेल. तरी यंत्र म्हणतं, पुढचं बोला.

नेमक्या याच जागेवर मीमांसक, म्हणजे वेदातल्या यज्ञवाक्यांचा अर्थ लावणारे जुने पंडित, अडले होते. वेद म्हणतो, स्वर्ग हवा असेल तर यज्ञ कर. यज्ञ घटका-दोन घटकांत आटोपतो. आहुती जळून जाते, धूर विरतो, ब्राह्मण जेवून घरी जातात. स्वर्ग मिळायचा तो मेल्यावर, म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांनी. मग मधल्या काळात ते कर्म कुठं असतं? नाहीशा झालेल्या गोष्टीतून फळ निघणार कसं? जैमिनींच्या परंपरेनं याला उत्तर दिलं ते 'अपूर्व'. कर्मातून एक न दिसणारी शक्ती उपजते, जी आधी नव्हती म्हणून अपूर्व. कर्म संपलं तरी ती टिकून राहते आणि वेळ आली की फळ देते. शबरांनी ते भाष्यात मांडलं, कुमारिल भट्टांनी त्याची बाजू लढवली. मराठीत या शब्दाचं पुढं फार सोयीस्कर झालं. आज अपूर्व उत्साह असतो, अपूर्व सोहळा असतो, मुलीचं नाव अपूर्वा असतं. मूळचा शब्द हिशेबातली फट बुजवण्यासाठी आला होता.

युनिक्समध्ये ती फट स्पूलनं बुजवली. संगणक चपळ आणि छापणारं यंत्र मंद, ही अडचण १९५० च्या दशकापासूनची. जलद यंत्रानं मंद यंत्राची वाट बघत बसायचं नाही, आपलं म्हणणं फितीच्या रिळावर उतरवून मोकळं व्हायचं, हा त्यावरचा तोडगा. रिळाला इंग्रजीत स्पूल. कापसाच्या परभणीला सुताचं रीळ वेगळं सांगायला नको. पुढं फिती गेल्या, चकत्या आल्या, नाव राहिलं. छापायचा मजकूर डिस्कवरच्या एका ठरलेल्या कप्प्यात ठेवला जातो आणि हुकूम देणारा सुटतो. संगणक बंद करून पुन्हा लावला तरी तो मजकूर तिथंच असतो. कर्म संपलं, फळ नाही, आणि दोघांच्या मधे काहीतरी टिकून आहे. जैमिनींना हे दाखवलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती.

बादरायणांनी डोलावली नसती. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात ते जैमिनींचं नाव घेऊन त्यांचं मत नोंदवतात आणि मग बाजूला सारतात: फळ ईश्वर देतो. शंकराचार्य भाष्यात कारण देतात ते रोखठोक आहे. अपूर्व जड आहे; कुणा चेतनानं हलवल्याशिवाय जड वस्तू आपणहून कामाला लागत नाही. लाकूड आणि ढेकूळ पडल्या जागी पडून राहतं. स्पूलच्या कप्प्यातल्या फायलीही तशाच पडून राहतात. त्या उचलून प्रिंटरकडे नेणारा कुणीतरी लागतोच.

तो कुणीतरी म्हणजे डीमन. पडद्यावर न दिसता, कुणी हाक न मारता, मागच्या मागे काम करत राहणाऱ्या प्रोग्रॅमला हे नाव १९६३ च्या सुमाराला एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या मंडळींनी दिलं. भौतिकशास्त्रात मॅक्सवेलनं १८६७ मध्ये कल्पिलेला एक राक्षस आहे, जो दारात बसून रेणू निवडत असतो, नाव त्याच्यावरून. पण शब्द ग्रीक आहे आणि ग्रीकांचा डायमोन राक्षस नव्हता. प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मध्ये तो देव आणि माणूस यांच्या मधला निरोप्या आहे: माणसांच्या प्रार्थना वर न्यायच्या, देवांच्या आज्ञा खाली आणायच्या. छपाईच्या डीमनचं याहून नेमकं वर्णन संगणकाच्या पुस्तकांतही मिळत नाही. आपल्याकडे त्याची दोन रूपं ओळखीची आहेत. एक गोष्टीतलं भूत, ज्याला सतत काम लागतं, नाहीतर ते मालकालाच खातं. शेवटी शहाणा मालक अंगणात बांबू पुरतो आणि सांगतो, दुसरं काम निघेपर्यंत यावर चढ आणि उतर. जुने डीमन अगदी असेच दर काही सेकंदांनी कप्प्यात डोकावून परत येत. दुसरं रूप गंगाखेडच्या जनाबाईंच्या आख्यायिकेतलं: तिच्या जात्याला हात लावणारा, दुसऱ्या कुणाला न दिसणारा विठ्ठल.

येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्यांवर हे काम पाटकरी करतो. धरणात साठा आहे हे अपूर्व झालं. दार उचलून, कुणाची पाळी आहे ते पाळीपत्रकात बघून, पाणी चारीत वळवणारा माणूस नसेल तर त्या साठ्याचा गव्हाला उपयोग नाही. इथं एक गोष्ट छपाईवाल्यांनी शिकण्याजोगी आहे. प्रिंटरच्या रांगेत जो आधी आला तो आधी छापला जातो. महाराष्ट्रातल्या शेजपाळीचा नियम उलटा आहे: पाणी शेपटाकडून मुखाकडे द्यायचं, टेलच्या शेतापासून सुरुवात करायची. कारण सरळ आहे. मुखाजवळच्याला कधीही घेता येतं, आणि त्यानं आधी घेतलं तर शेवटच्यापर्यंत काही उरत नाही. नियम कागदावर किती आणि चारीवर किती पाळला जातो हा वेगळा, आणि भांडणाचा, विषय.

दूरच्या यंत्राकडे छपाई पाठवण्याची जुनी रीत बर्कलीच्या युनिक्समधून आली आणि ऑगस्ट १९९० मध्ये आरएफसी ११७९ या दस्तऐवजात लिहून काढली गेली. तीत एक सुंदर तपशील आहे. छापायला एक फाइल पाठवली तरी प्रत्यक्षात दोन जातात. एकीत मजकूर. दुसरी छोटी, तीत एकेका अक्षरानं सुरू होणाऱ्या ओळी: एचनं सुरू होणाऱ्या ओळीत कुठल्या यंत्रावरून, पीनं सुरू होणाऱ्या ओळीत कुणी, जेनं सुरू होणाऱ्या ओळीत कोणतं काम. पूजेला बसलेल्या कुणालाही हे ऐकल्यासारखं वाटेल. हातात पाणी घेऊन भटजी आधी संकल्प सोडायला लावतात: कोणत्या संवत्सरात, कोणत्या तिथीला, गोदावरीच्या कोणत्या तीरावर, कोणत्या गोत्राचा कोण, कशासाठी हे करतो आहे. येलदरीचा यजमान उत्तर तीर सांगतो. पत्ता, नाव, हेतू. त्यानंतर मजकूर, म्हणजे पूजा. संकल्पाशिवाय केलेल्या पूजेचं फळ कुणाच्या नावावर जमा करायचं, असा प्रश्न पडतो. त्या छोट्या फाइलीशिवाय आलेला मजकूरही डीमन छापत नाही.

मग येतो अधिकार. यज्ञ कुणी करावा यावर मीमांसेत एक अख्खा अध्याय आहे, आणि त्यात शूद्राला दार बंद केलेलं आहे. बादरायणांनीही या बाबतीत ते उघडलं नाही. आरएफसी ११७९ नं दाराशी लावलेली अट तुलनेनं भाबडी होती: हुकूम ७२१ ते ७३१ या क्रमांकांच्या दारांतूनच यायला हवा. युनिक्सवर ही दारं फक्त मुख्य प्रशासकाच्या प्रोग्रॅमला वापरता येतात, म्हणून तिथून आलेला माणूस खानदानी. शिवाय ओळखीच्या यंत्रांची एक यादी. पण 'मी अमुक' ही ओळ पाठवणाराच लिहितो. तिची पडताळणी कुणी करत नसे. कुणी घरच्या यंत्रावर स्वतःच प्रशासक असेल तर खानदान आपोआप मिळे. पुढच्या पिढीनंही धडा घेतला असं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या जोडीला चालणाऱ्या एका डीमनची खोड जगासमोर आली: '६३१ वर मी एक नवा प्रिंटर आहे' असं नेटवर्कवरून कुणीही सांगितलं की तो विश्वास ठेवून त्याला यादीत घेत होता. त्या वाटेनं परक्याला यंत्रावर आपला हुकूम चालवता येत होता. एका टोकाला जन्मावरून बंद केलेलं दार, दुसऱ्या टोकाला कुणालाही सताड उघडं. शाळेतले सर 'फक्त आपल्या नेटवर्कमधल्यांना' अशी एक ओळ लिहितात तेव्हा नकळत या जुन्या वादात ते एक बाजू घेत असतात, आणि ती बरी बाजू आहे.

हे जोडकाम करणाऱ्याला वाक्याचा अर्थ लावायची मीमांसकी सवयही लागते. कप्समध्ये प्रिंटर नोंदवायच्या आज्ञेत मोठ्या लिपीतलं 'ई' हे एकच अक्षर दोन ठिकाणी येऊ शकतं. प्रिंटरच्या नावाआधी आलं तर अर्थ, संवाद कूटबद्ध कर. नावानंतर आलं तर अर्थ, हा प्रिंटर सुरू कर आणि कामं स्वीकार. अक्षर तेच, स्थान वेगळं, फळ वेगळं. मीमांसेनं अर्थ ठरवायची जी सहा साधनं सांगितली त्यांत 'स्थान' आहेच. कित्येकांनी ते अक्षर आधी टाकलं आहे आणि मग अर्धा दिवस बंद प्रिंटरकडे बघत काढला आहे.

त्याच आज्ञेच्या पोटात आणखी एक बारीक भेद लपला आहे. कप्समध्ये 'स्वीकारणं' आणि 'सुरू असणं' या दोन स्वतंत्र अवस्था आहेत. प्रिंटर थांबलेला असूनही कामं स्वीकारत राहू शकतो. पाठवणाऱ्याला पावती मिळते, कागद मिळत नाही, आणि व्यवस्थेच्या मते कुठंही काही चुकलेलं नसतं.

महाराष्ट्राला ही अवस्था जुनीच ओळखीची. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत संगणक शिरले, आणि नव्वदीत कित्येक शाखांच्या मागच्या खोलीत एससीओ युनिक्सवर चालणारं एक यंत्र असे, काउंटरवर त्याची मुकी टर्मिनलं आणि कुठंतरी कोपऱ्यात किर्रकिर्रणारा डॉट मॅट्रिक्स. त्याआधी शिक्षण-संशोधन संस्थांचं अर्नेट हे संगणक-जाळं १९८६ मध्ये सुरू झालं तेव्हा मुंबईतलं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी सुरुवातीच्या साखळीत होतं. त्या काळची युनिक्सची पत्रं फोनची तार लागेपर्यंत स्पूलमध्ये बसून राहायची. 'पाठवलं' म्हणजे 'कप्प्यात ठेवलं' हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वेग वाढला तसं ते विसरलं गेलं.

हा सगळा वाद जैमिनी की बादरायण इथं सुटत नाही, कारण दोघांनीही एक बाजू विचारातच घेतली नाही: फळ कर्मातून येवो की ईश्वराकडून, कर्त्याला ते कळणार कसं? ही उणीव एका प्रिंटरनंच जगासमोर आणली. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये एक भर घातली होती. कागद अडकला की ज्यांचं काम रांगेत आहे त्यांच्या पडद्यावर तसा निरोप जायचा. मग कुणीतरी जिना उतरून कागद सोडवायचं. १९८० च्या सुमाराला झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, अधिक वेगाचा, अधिक सुबक. पण त्याचा मूळ प्रोग्रॅम मिळाला नाही. ज्याच्याकडे तो होता त्यानं न देण्याचा करार केलेला होता. यंत्र अडायचं आणि वरच्या मजल्यावरचे लोक काम झालं असं समजून बसायचे. २७ सप्टेंबर १९८३ ला स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. आज शाळेच्या त्या खोलीत जे लिनक्स चालतं त्याचा मोठा भाग तिथून आला. त्यांच्या रागात कागद अडकण्याला फारसं महत्त्व नव्हतं. अडकल्याची बातमी परत येण्याची वाट कुणीतरी कुलूप लावून बंद केली, हे त्यांना सलत होतं.

येलदरीपासून नरसी फार लांब नाही. आता ते हिंगोली जिल्ह्यात. १९९९ पर्यंत तेही परभणीतच होतं. नामदेवांचं गाव म्हणून त्याची ओळख. त्यांच्या लहानपणाची गोष्ट मराठी घरांत सगळ्यांना पाठ असते. वडील गावाला गेले, नैवेद्य दाखवायचं काम पोरावर आलं. पोरानं ताट ठेवलं आणि वाट बघत बसला. देव जेवेना. मोठ्या माणसांचा रिवाज असा की ताट ठेवायचं, पाणी फिरवायचं, डोळे मिटायचे आणि ताट उचलून घरात न्यायचं. नैवेद्य 'दाखवला' की पोचला. पोराला हे मान्य नव्हतं. डोकं फोडून घेईन म्हणाला, आणि गोष्ट सांगते की विठ्ठल जेवला.

या गोष्टीकडे भाबड्या भक्तीचा नमुना म्हणून बघितलं जातं, पण तिच्यात भाबडेपणा कमी आणि हटवादी तपासणी जास्त आहे. पोरानं पावती नाकारली. दाखवलं आणि पोचलं यांतला फरक मोठ्यांनी सवयीनं मिटवला होता, तो त्यानं पुन्हा उकरून काढला. वारकरी संत विठ्ठलाशी भांडतात, त्याला जाब विचारतात, तेही याच हट्टातून. मीमांसकाचा यजमान स्वर्गाची चौकशी करू शकत नाही. त्यानं विधी नीट केला एवढंच त्याच्या हाती. नामदेवाचा देव मात्र चौकशीला बांधील आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, क्रिया आणि पाचवं दैव. यांतलं चार सरांनी त्या दुपारी नीट बसवलं. पाचवं येलदरीत रोज हजेरी लावतं. धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते, पण ती तारांवरून राज्याच्या जाळ्यात जाते. गावातले दिवे लागलेलेच राहतील याची हमी ती देत नाही.

तर त्या शाळेत एका दुपारी नववीतली एक मुलगी बोनाफाईडचा मजकूर छापायला पाठवते. व्हरांड्यापलीकडून काही आवाज येत नाही. ती पुन्हा पाठवते. "मामा, कागद आला का बघा हो," असं खिडकीतून ओरडते. शिपाईमामा आतून म्हणतात, "काही नाही आलं बाळा." ती आणखी दोनदा पाठवते. रांग दाखवणारी आज्ञा सरांनी शिकवलेली असते, ती द्यायला बोटं कीबोर्डवर जातात आणि तेवढ्यात लाइट जाते. शाळा सुटते. चारही कामं कार्यालयातल्या संगणकाच्या डिस्कवर, नाव, यंत्र आणि वेळेसकट, अंधारात पडून राहतात.

दुसऱ्या दिवशी मामा कार्यालय उघडतात, संगणकाचं बटण दाबतात आणि झाडायला घेतात. पाठीमागं प्रिंटर घरघरतो. एक कागद, दुसरा, तिसरा, चौथा. मामा केरसुणी टेकवून बघत राहतात; समोर तर कुणीच नाही. मग पहिला कागद ते मुख्याध्यापकांच्या सहीसाठी फायलीत ठेवतात आणि उरलेले तीन पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यावर टाकतात.